जपानी सुतारकाम शिकायला जायचंय: दीड वर्षात नागपुरात काय तयारी करू? (आणि रंध्याचं पातं अडकलंय)

रेघोटी

नमस्कार. नागपुरात आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. जपानला जाऊन लाकडी सांध्यांचं पारंपरिक काम शिकायचं आहे. फर्निचरचं नाही, इमारतीचं. हातात दीड वर्ष आहे आणि जपानी भाषेची एन४ परीक्षा (पाच पायऱ्यांतली खालून दुसरी) झाली आहे.

विचारायचं आहे ते असं. सरावाला कोणती हत्यारं आणि कोणतं लाकूड घेऊ? सगळे 'सागवानावरच हात बसव' म्हणतात. जायचा रस्ता कोणता, कॉलेज की एखाद्या कारागिराकडे उमेदवारी? आणि सगळ्यात तातडीचं म्हणजे फेब्रुवारीत ७० मिमी पात्याचा जपानी रंधा (कान्ना) घेतला होता. तेव्हा पातं नीट आतबाहेर होत होतं. आता मे महिन्यात ते जागचं हलत नाही, आणि ठोकळ्यात पात्याच्या कोपऱ्यापासून मागे केसाएवढी चीर दिसते आहे. जोरात ठोकून काढू का?

---

धार_आधी

ताई, ठोकू नका. आधी ही अडचण सोडवू, बाकीचं नंतर.

कान्नात आपल्या रंध्यासारखी वेगळी पाचर नसते. पातंच वर जाड आणि धारेकडे बारीक असतं, आणि ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना कोरलेल्या खाचांत ते स्वतःच पाचरीसारखं बसतं. ठोकळा जपानी ओकचा असतो, आणि तिथल्या दमट हवेत वाळवलेला असतो. नागपूरच्या मे महिन्यात हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास गेली की लाकडातला ओलावा ४-५ टक्क्यांपर्यंत उतरतो. पावसाळ्यात तोच १५-१६ टक्क्यांवर चढतो. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत आकसतं. पातं पोलादाचं, ते तेवढंच राहतं. म्हणजे ठोकळा दोन्ही बाजूंनी पात्याला आवळतो, आणि पातं हटत नाही म्हणून शेवटी स्वतः चिरतो. तुमची चीर तीच आहे.

आता असं करा. मोठा झाकणाचा प्लास्टिक डबा घ्या. तळाशी ओला स्पंज ठेवा, पण तो रंध्याला लागू देऊ नका. रंधा पात्यासकट दोन-तीन दिवस आत बंद ठेवा. ओल्या फडक्यात गुंडाळायचा मोह होईल, तो टाळा, कारण वरचा थर फुगतो, आतला कोरडाच राहतो आणि चीर वाढते. ठोकळ्याने ओल घेतली की रंधा हातात धरून ठोकळ्याच्या मागच्या टोकाला, वरच्या तिरप्या कडेवर, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे असे हलके ठोके मारा. ठोक्याची दिशा पात्याच्या उताराला समांतर हवी. मधोमध मारलं तर ठोकळा नेमका तिथेच फाटतो.

पातं निघाल्यावर खाचांच्या आतल्या उभ्या बाजू अरुंद पटाशीने तासा. पात्याच्या दोन्ही बाजूंना अर्धा ते एक मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. पात्याची पाठ जिथे टेकते तो उतार आणि खाचेचा पात्याला वरून दाबणारा भाग यांना हात लावू नका, पकड तिथेच असते. चीर केसाएवढीच असेल तर पातळ सुपरग्लू तिच्यात ओढून घेऊ द्या आणि एक दिवस तसाच ठेवा. ती मागच्या टोकापर्यंत गेली असेल तर नवा ठोकळा करावा लागेल.

आणि हो, रंधा कूलरच्या झोतात ठेवत असाल तर बंद करा. दिवसा दमट, रात्री कोरडं हे रोजचं चक्र ठोकळ्याला वाईट. काम संपलं की पातं दोन-तीन मिलिमीटर मागे घ्या आणि रंधा पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवा.

---

इतवारी_कानस

वरच्या उत्तराला जोडून हत्यारांचं सांगतो. यादी छोटी ठेवा. एक ७० मिमी कान्ना (तुमच्याकडे आहेच), २४ मिमी आणि ९ मिमी अशा दोन पटाश्या (ओइरे-नोमी), २४० मिमीची दुधारी करवत (र्‍योबा), ३७५ ग्रॅमच्या आसपासची हातोडी (गेन्नो), साशिगाने म्हणजे तिथला गुण्या, आणि धारेचे दगड. यातला मोठा पैसा दगडांवर जाऊ द्या. १०००, ४००० आणि ८००० असे तीन दगड (आकडा मोठा तितका दगड बारीक), शिवाय त्यांना सपाट ठेवायला ४०० ची डायमंड प्लेट.

जपानी पातं दोन धातूंचं असतं. कडक पोलादाचा पातळ थर (हागाने) मऊ लोखंडावर (जिगाने) भट्टीत जोडलेला असतो. पोलादाची बाजू सपाट असते आणि तिच्या मधोमध पोकळ खोलगट भाग असतो, त्याला 'उरा' म्हणतात. ही पोकळी मुद्दाम ठेवलेली आहे. एवढं कडक पोलाद पूर्ण रुंदीत घासत बसायला लागू नये, फक्त धारेलगतची अरुंद पट्टी सपाट करावी, म्हणून. नवीन माणूस हमखास चुकतो ते इथे. मागची बाजू आरशासारखी व्हावी म्हणून घासत राहतो आणि पोकळीच संपवून टाकतो. धारेलगत दोराएवढी चकचकीत पट्टी आली की थांबा.

तिरप्या बाजूचा कोन मोजायला कोनमापक लागत नाही. तिरपी बाजू पात्याच्या जाडीच्या दुप्पट लांब असेल तर कोन ३० अंश. सव्वादोन पटीच्या थोडं खाली म्हणजे २७ अंश. पटाशीला ३०, मऊ लाकडावरच्या रंध्याला २७-२८ ठेवा. ही बाजू पूर्ण सपाट हवी. रुंद मऊ लोखंडामुळे पातं दगडावर आपसूक बसतं, हाच तिचा फायदा. बाजारातून विजेच्या चाकावर धार लावून आणाल तर तो आधारही जातो आणि पोलादाचा कडकपणाही उतरतो.

१००० वर घासताना धारेच्या पूर्ण रुंदीत मागच्या बाजूला बारीक खरखरीत कड हाताला लागली पाहिजे. एका कोपऱ्यात जरी ती आली नसेल तरी पुढच्या दगडावर जाऊ नका. न उतरलेली धार ८००० वर कितीही घासली तरी येत नाही, वेळ मात्र जातो. दगडावर पेन्सिलने चौकटी आखा आणि डायमंड प्लेटने घासा. सगळ्या रेघा एकदम पुसल्या गेल्या तर दगड सपाट. हे दर दहा-पंधरा मिनिटांच्या कामानंतर करा. १००० चा भिजणारा दगड १५ मिनिटं पाण्यात ठेवला की पुरे. ८००० चा पाण्यात ठेवून देऊ नका, वरून शिंपडा. आणि कोणताही दगड उन्हात वाळवायचा नाही. आपल्या उन्हात तो एका दुपारी तडकतो.

नव्या नोमीची मुठीवरची लोखंडी कडी सैल असते. तशीच वापरली तर मूठ फाटते. कडी काढा, मुठीचं टोक हातोडीने गोल फिरवत ठेचून दाबा, कडी दोन-तीन मिलिमीटर खाली बसवा, टोक पाण्याने ओलं करा आणि वरचे तंतू ठोकून कडीवर पसरवा. उन्हाळ्यात ती परत सैल होईल, परत बसवा.

पावसाळ्यात गंज हा रोजचा शत्रू. तिकडे कॅमेलियाचं तेल वापरतात, आपल्याकडे शिलाई मशीनचं तेल चालतं.

---

सागाचा_गाभा

लाकडावर बोलतो, कारण 'सागवानावरच हात बसव' हा सल्ला या कामासाठी मला पटत नाही.

आपलं सागवान अव्वल आहे, यात वाद नाही. चंद्रपूर-गडचिरोलीचा माल देशभर जातो, दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठीही नागपूरहून सागवान गेलं. पण जपानी इमारतकाम मुख्यतः हिनोकी आणि सुगी या सूचिपर्णी लाकडांत होतं. हिनोकीचं वजन घनमीटरला साधारण ४४० किलो, सुगीचं त्याहून कमी, सागवानाचं ६५० च्या आसपास. फरक वजनापुरता नाही. सागवान थोड्या बोथट पटाशीनेही कापलं जातं, कारण तंतू एकमेकांना धरून असतात. मऊ सूचिपर्णी लाकडाच्या टोकावर (जिथे तंतू आडवे कापले जातात) बोथट पटाशी घातली तर मऊ थर दबतो, चुरगळतो आणि भसाभस खड्डे पडतात. म्हणजे मऊ लाकडाला जास्त तीक्ष्ण धार लागते. फक्त सागवानावर शिकलेला हात पहिल्या दिवशी सुगीवर उघडा पडतो. शिवाय सागवानात सिलिका असते, ती धार खाते. सरावाचा अर्धा वेळ दगडावरच जाईल.

नागपूरच्या लाकूडबाजारात, लकडगंजात जाऊन दोन गोष्टी मागा. एक, देवदार किंवा पाइन. दोन, शिवण. शिवण हलकं, फिकट आणि हवेच्या बदलात कमी हलणारं लाकूड आहे, वजनाला हिनोकीच्या जवळ जातं. आरा मशीनवर ५० × ५० मिमीचे तुकडे काढून घ्या, तासून ४५ वर आणायला जागा राहते. टोकावरच्या वार्षिक वलयांकडे बघा. गाभ्याचा मधला भाग असलेला तुकडा नको, तो चिरणार. गाठी नकोत, पॅकिंगच्या पाइनमध्ये खिळे राहिलेले असतात तेही तपासा. आणल्याबरोबर कापू नका. खोलीत पट्ट्यांवर रचून, टोकांना मेण किंवा रंग लावून चार-सहा आठवडे ठेवा.

सरावाचा क्रम: आधी एक महिना नुसता चौरस तुकडा तासा. ४५ × ४५ × ६०० मिमी, चारही बाजू गुण्यात, पीळ नाही, जाडीत ०.२ मिमीपेक्षा जास्त फरक नाही. कंटाळवाणं वाटेल, पण तुकडा गुण्यात नसेल तर त्यावर आखलेला प्रत्येक सांधा वाकडाच येणार. मग अर्ध्या जाडीचा आडवा सांधा, मग साल-चूल (खाच आणि तिच्यात बसणारी जीभ), मग पारव्याच्या शेपटीचा (आरी), आणि शेवटी लांबीत जोडणारा कामा-त्सुगी.

आखणी कडेवरून करू नका, मध्यरेषेवरून करा. जपानमधल्या तुळया नेहमी चौरस नसतात, गोल ओंडकेही वापरतात, म्हणून सगळी मापं मध्यरेषेवरून निघतात. सुमित्सुबो म्हणजे शाईची दौत आणि तिच्यातून भिजून निघणारा दोरा. आपल्याकडे गेरूचं सूत मारतात तेच तत्त्व. फक्त दोरा उचलताना तो पृष्ठभागाला काटकोनात उचलायचा, जरा तिरपा उचलला की रेघ कमानीसारखी पडते.

एक सापळा. तिथलं जुनं माप 'शाकु' ३०३.०३ मिमी आहे, आपला फूट ३०४.८. दिसायला सारखेच. पण दहा फुटांच्या तुळईत हा फरक साडेसतरा मिलिमीटरच्या वर जातो. शाकु-सुनची (सुन म्हणजे शाकुचा दहावा भाग) पट्टी आणि इंचाची पट्टी एकाच टेबलावर ठेवू नका.

जमिनीवर बसून, पायाने लाकूड धरून काम करायची सवय करा. आपले जुने सुतार असंच करतात आणि जपानी करवत ओढताना कापते, त्यामुळे अंगाचं वजन तिथे कामी येतं. दुधारी करवत बाभळीवर किंवा हळदूवर चालवू नका. बदलता येणाऱ्या पात्यांचे दात इतके कडक असतात की ते वाकत नाहीत, तुटतात. कानशीनेही त्यांना धार लागत नाही.

---

तेंदूपान

रस्त्याबद्दल. ठळक दोन आहेत, आणि दोघांचे कागद वेगळे.

कॉलेजचा रस्ता: स्टुडंट व्हिसा. जपानी व्यावसायिक कॉलेजं (सेन्मोन गाक्को) परदेशी विद्यार्थ्याकडून साधारण एन२ मागतात, किंवा जपानमधल्या मान्यताप्राप्त भाषाशाळेत किमान सहा महिने शिकल्याचा दाखला. वर्ष एप्रिलला सुरू होतं, प्रवेश परीक्षा आदल्या शरद ऋतूपासून सुरू होतात. इमारतीसाठी शिझुओका प्रांतात फुजिनोमियाचं निहोन केन्चिकु सेन्मोन गाक्को बघा. क्योतो प्रांतात नान्तानला क्योतो देन्तो कोगेई दाइगाक्को आहे, पण तिथला भर लाकडी कलावस्तू, फर्निचर, मूर्तिकाम यांवर, म्हणजे तुमच्या कामाचं कमी. स्टुडंट व्हिसावर वेगळी परवानगी काढली तर आठवड्याला २८ तास काम करता येतं.

कारागिराकडचा रस्ता: कल्चरल ॲक्टिव्हिटीज व्हिसा. जपानी कला एखाद्या तज्ज्ञाकडे शिकण्यासाठीच तो आहे. त्यासाठी शिकवणाऱ्याच्या कामाचे पुरावे, काय आणि किती काळ शिकणार त्याचा आराखडा, तुमचं आधीचं काम आणि राहण्याचा खर्च कोण उचलणार याचे कागद लागतात. त्यावर पगार घेता येत नाही, ही अट नीट वाचा. बरेच कारागीर शिकाऊ माणसाला थोडाफार पगार देतात, आणि तो घेतला की व्हिसाचा नियम मोडतो. त्यामुळे 'माझ्याकडे ये, जेवण आणि खर्चाला देईन' असं कोणी म्हटलं तर आधी त्यांनाच इमिग्रेशन कार्यालयात विचारायला सांगा.

दोन्हीसाठी आधी जपानमधल्या बाजूने 'सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी' (तिथे राहायला पात्र असल्याचा दाखला) निघतं, मग इथे व्हिसा. महाराष्ट्र मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे येतो.

जपान सरकारच्या मेक्स्ट (शिक्षण मंत्रालयाच्या) शिष्यवृत्तीत व्यावसायिक कॉलेजचा स्वतंत्र गट आहे, एक वर्ष भाषा आणि दोन वर्षं शिक्षण. वयाची अट कडक असते, ती त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा. तुमची बी.आर्क. पूर्ण होत असल्याने संशोधक विद्यार्थ्याच्या गटातही बसाल, पण तिथे पुस्तकं आणि मोजमापाची रेखाटनं जास्त, हातात पटाशी कमी.

बांधकामातला 'स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर' (कुशल कामगारांचा नोकरीचा व्हिसा) हा मार्ग या कामासाठी धरू नका. नोकरी म्हणून तो ठीक, पण तिथल्या बहुतेक नव्या लाकडी घरांचे सांधे कारखान्यात मशीनवर कापून येतात. साइटवर जोडायचं काम असतं.

आणि 'पारंपरिक सुतार' हा एक धंदा नाही. देवळं बांधणारे मियादाइकु वेगळे, चहाघरांच्या धाटणीची घरं करणारे सुकिया-दाइकु वेगळे, दारं-शोजी (कागद लावलेली सरकती दारं) करणारे तातेगु-शी वेगळे. पत्र लिहिताना यातलं नेमकं काय हवं ते लिहा. नारा-क्योतोकडे मियादाइकु जास्त. होर्‍यु-जी या नाराजवळच्या प्राचीन बौद्ध मंदिराचे सुतार त्सुनेकाझु निशिओका यांचे शिष्य मित्सुओ ओगावा यांनी १९७७ साली सुरू केलेली इकारुगा-कोशा ही शिष्यांनी एकत्र राहून वर्षानुवर्षं शिकण्याची जागा आहे. सहा महिन्यांच्या हौसेसाठी असल्या ठिकाणी अर्ज करू नये. कोबेचं ताकेनाका हत्यार संग्रहालय मात्र जपानला पोचल्यावर पहिल्या आठवड्यात बघा. तिथे हत्यारं आणि सांधे दोन्ही जवळून बघता येतात.

भाषेचं सांगायचं तर एन२ कागदासाठी लागते, पण कामावरचे शब्द तिच्यात नाहीत. उलटी रेष (तंतू उलट दिशेला असणं), पीळ, मध्यरेषा, 'अजून एक केस घे' (म्हणजे केसाएवढं तास), 'ते टोक नको' असले शब्द वेगळे पाठ करा. वर तुळई उचललेली असताना शब्द न कळणं धोक्याचं असतं.

---

रेघोटी

सगळ्यांचे आभार. डब्यात तीन दिवस ठेवल्यावर पातं निघालं. डावीकडे मोकळी जागा अजिबात नव्हती, ती केली. चीर मागच्या टोकापर्यंत नव्हती.

आता शिवणवर चालवते आहे. दोन अडचणी. छिलका सुरुवातीला छान निघतो, पण रंधा पूर्ण लाकडावर आला की कापणंच थांबतं. आणि छिलका उजवीकडे जाड, डावीकडे नसल्यासारखा. मधे एका ठिकाणी लाकूड उपटतंय.

---

धार_आधी

उजवीकडचं सोपं. जिकडे जाड येतं त्या बाजूने पात्याच्या वरच्या टोकाला आडवी हलकी टिचकी मारा. पातं किंचित फिरतं आणि त्या बाजूची धार वर जाते. एका वेळी एकच ठोका, मग छिलका बघा.

सुरुवातीला कापून मग थांबणं म्हणजे ठोकळ्याचा तळ. रंधा ओढायला लागता तेव्हा फक्त पुढचा भाग लाकडावर असतो, पातं कापतं. मागचा भाग लाकडावर चढला आणि तो उंच असेल तर तो पात्यालाच उचलतो. तळ सपाट करायचा, पण सगळा टेकवायचा नाही. शेवटचा हात फिरवायच्या रंध्याला तळ दोनच ठिकाणी टेकतो. एक तुमच्याकडचं पुढचं टोक आणि दुसरं पात्याच्या तोंडाच्या अगदी पुढची पट्टी. मधला भाग आणि तोंडामागचा भाग किंचित खाली गेलेला हवा. किती? साधा ए४ कागद ०.१ मिमी असतो, त्याच्या निम्म्याहून कमी.

हे करताना पातं जागेवर ठोकलेलं असू द्या, फक्त धार दीड-दोन मिलिमीटर आत घ्या. पात्याच्या दाबाने ठोकळा थोडा फुगतो, पातं काढून सपाट केलेला तळ पातं बसवल्यावर परत बिघडतो. काचेवर ३२० चा पॉलिश पेपर चिकटवून आधी तळ सपाट करा. मग रुंद पटाशी उभी धरून तंतूंना आडवी, खरवडत, मधला आणि मागचा भाग उतरवा. स्टीलची पट्टी आडवी, उभी आणि दोन्ही कर्णांत ठेवून ट्यूबलाइटसमोर बघा. उजेडाची रेघ कुठे दिसते ते पेन्सिलने तळावरच लिहा.

उपटतंय तिथे रेष उलटी आहे. वरचं छोटं पातं (ओसाएगाने) मुख्य धारेपासून किती मागे आहे? अर्धा-एक मिलिमीटर असेल तर ते भरड कामासाठी. ०.२ मिमीवर आणा, आणि त्याच्या टोकाला ६०-७० अंशांची अगदी बारीक उभी कड द्या. दोन पात्यांमध्ये फट दिसत असेल तर छिलका तिथे अडकून तोंड तुंबतं. छोट्या पात्याचे वरचे वाकवलेले कान हळू ठोकून ती फट बंद करा.

तळ हंगामाला बघावा लागेल. जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर दहा दिवसांनी, ऑगस्टमध्ये, आणि ऑक्टोबरची हीट ओसरल्यावर.

---

सागाचा_गाभा

पातं चालू झालं, आता साशिगानेचा वापर सुरू करा. तिच्या मागच्या बाजूच्या मापाच्या खुणा १.४१४ पट लांब अंतरावर असतात. ओंडक्याचा व्यास त्या बाजूने मोजला की त्यातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या चौरसाची बाजू थेट वाचता येते, गणित लागत नाही. उतारही तिथे अंशांत बोलत नाहीत. एका शाकुला चार सुन चढ म्हणजे चार-सुनचा उतार, दहाला चार. आर्किटेक्चर शिकताच आहात तर छपराच्या कोपऱ्यावरच्या तिरप्या वाशाचं पूर्ण आकाराचं रेखाटन प्लायवर काढून बघा. जपानच्या सरकारी सुतार परीक्षेत असं पूर्ण आकाराचं रेखाटन, त्यावरून आखणी आणि मग कापणी, असाच क्रम असतो.

आणि साल-चूल बसवताना एक लक्षात ठेवा. हिनोकीत चूल ठोकण्याआधी तिच्या बाजू गेन्नोच्या फुगीर तोंडाने हलक्या ठेचतात, आत गेल्यावर ओल घेऊन ती फुगते आणि घट्ट बसते. त्याला किगोरोशी म्हणतात. देवदारावर करून बघा. सागवानावर करू नका, तेलकट आणि ठिसूळ तंतू दबून परत येत नाहीत, सांधा सैलच राहतो.